जीभ शेठची, शिव्या बुनथनला

बुनथन माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. चार वर्षं कोरियात टोमॅटोच्या शेडमध्ये राबून आले, तेव्हा त्यांच्याकडे एक मोटारसायकल होती आणि तिकडची भाषा. मोटारसायकल वर्षभरात विकली गेली. भाषा राहिली.

आमच्या कोम्पोंग स्पू प्रांतात एक कोरियन शेठ कारखान्यासाठी जमीन बघायला आला, तेव्हा सरपंचानं भाऊजींनाच पुढे केलं. विहाराच्या मंडपात सगळं गाव जमलं. ताडाच्या गुळावर जगणारी माणसं आम्ही, आणि ताडच तोडायचे होते. माओ मावशी उठली. "त्याला विचार, उद्या गाशा गुंडाळून पळालास तर आम्ही काय खायचं?"

शेठ हसून काहीतरी बोलला.

"ते म्हणतात, मी जायला आलेलो नाही," भाऊजींनी सांगितलं. "तुमची नातवंडंसुद्धा इथंच कामाला लागतील."

पहिला अंगठा मावशीनंच उठवला.

शर्ट शिवायचा कारखाना उभा राहिला. काही वर्षं खरंच बरी गेली. घरांवर नवे पत्रे चढले, पोरींच्या कानात सोनं आलं. भाऊजी ऑफिसात इस्त्रीचे कपडे घालून बसायचे, आणि ताई बाजारात नाश्ता विकताना जरा मोठ्यानंच बोलायची.

मग शेठला मिळालेली करमाफी संपली. नववर्षाची सुट्टी करून बायका कामावर गेल्या, तर फाटकाला कुलूप. खिडकीतून बघितलं तर मशीन उपटल्याची भोकं तेवढी जमिनीत. कुणाचा पगार नाही, काही नाही.

बायकांनी भाऊजींना घरातून ओढत फाटकाशी नेलं. "लाव फोन! बोल त्याच्या भाषेत!"

फोन बंद होता.

"देवाशपथ, मला माहीत नव्हतं. मलाही बुडवलंय. तो बोलला तेच मी सांगितलं!"

माओ मावशीनं पानाची पिचकारी टाकली. "शेठ आमच्याशी कधी बोललाच नाही रे. आम्ही ऐकलं ते तुझं."

त्यानंतर भाऊजी घराबाहेर पडेनात. ताईच्या हातचा नाश्ता गावात कुणी विकत घेईना.

पुढच्या वर्षी तीच इमारत घ्यायला दुसरी कोरियन कंपनी आली. जिल्ह्याचा साहेब स्वतः भाऊजींच्या घरी आला. "गोड बोलायचं. जुनं उकरायचं नाही."

पुन्हा तोच मंडप. नवा शेठ भाषण आटोपून खाली बसला आणि आपल्या मॅनेजरच्या कानाशी लागला. भाऊजींनी तेही मोठ्यानं सांगून टाकलं. "ते मॅनेजरला म्हणतायत, करमाफी आहे तोवर राहू, पुढचं पुढे. आणि विचारतायत, या बायका संप करणाऱ्या आहेत का."

साहेबाचा चेहरा पडला. भाऊजी आमच्याकडे बघत उभे राहिले. कुणीतरी चिडून उठेल, असं त्यांना वाटत असावं.

मागून एक बाई म्हणाली, "ते राहू दे. कामावर कधीपासून घेणार, ते विचार."

कामासाठी हात भराभर वर झाले. कंपनीनं राजधानीतून, नॉमपेन्हहून दुसरा दुभाषी आणला.

"मागं गोड बोलून फसवलंस," माओ मावशी वाटेत भाऊजींना म्हणाली, "आता खरं बोलून आमचं काम घालवत होतास. लोकांचे पाय पांढरे असतात, तुझं तोंडच पांढरं."

भरतीच्या रांगेत ताई सगळ्यांच्या पुढे होती. टेबलावरच्या माणसानं विचारलं, "नवरा काय करतो?"

"नवरा नाही," ताई म्हणाली.

घरी येऊन तिनंच हे भाऊजींना सांगितलं.

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि तिला भात वाढायला उठले.