फोननं अक्कांचं नाव घेतलं

आमच्या ऑफिसातले किस्से सांगायला लागले की मैत्रिणी म्हणतात, "हे तू घरून बनवून आणतेस!" अगं, बनवायची गरजच पडत नाही. जिथे दिवसभर खोट्या नावांनी गप्पा मारायचं काम चालतं, तिथे किस्से न पेरताच उगवतात. एक विसरावा म्हटलं तर तोवर दुसरा तयार असतो.

आधी काम काय ते सांगते. जळगावात, पिंप्राळ्यात एका किराणा दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या. नितीनभाऊ मालक. अनीस मूळचा धुळ्याचा, कॉम्प्युटरचं सगळं तो बघतो. मी मजकूर लिहिते. पूर्वी लोक दुकानाची पाटी बघून आत शिरायचे, मग इंटरनेटवर शोधायला लागले. आता थेट एआयला विचारतात, "बाबा रे, चांगलं काय ते तूच सांग." आणि हे एआय शिकतं कुठून? तर फोरमवर लोक एकमेकांना जे विचारतात, सांगतात, ते वाचून. चार जणांनी तिथे तुमचं नाव चांगलं घेतलं, की तेही घेतं. आमचं काम म्हणजे ते चार जण होणं!

माझ्या सासूबाईंनी शेजारणीला हे एका वाक्यात सांगितलं होतं. "आमची सून पारावर गप्पा मारत बसते, पण पगार मिळतो." इतकं नेमकं नितीनभाऊंना आजवर कुठल्या गिऱ्हाइकाला सांगता आलेलं नाही.

*

आमचे पहिले गिऱ्हाईक धुळ्याचे एक शेवचिवड्याचे शेठ. तावातावानं जिना चढून आले आणि खुर्चीत बसायच्या आत मोबाईल टेबलावर ठेवला. म्हणाले, "याला विचारा, धुळ्यात शेव कुठे चांगली मिळते."

अनीसनं विचारलं. फोननं दोन नावं सांगितली. त्यात शेठ नव्हते. पहिलं नाव त्यांच्या शेजारच्या दुकानाचं होतं, आणि ते शेठच्या नाकाला चांगलंच झोंबलेलं दिसत होतं.

"फोन माझा," शेठ म्हणाले, "रिचार्ज मी मारतो, रात्री उशाशी घेऊन मी झोपतो, आणि नाव शेजाऱ्याचं घेतो!"

आम्ही हसलो. पण माणूस खरंच दुखावला होता. वडिलांच्या वेळेपासून ज्या गल्लीत सगळे ओळखतात, तिथे राहून आपण कुणालाच माहीत नाही असं एखादं यंत्र शांतपणे सांगतं, तेव्हा कसं वाटत असेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. अनीसनं त्यांना आधी चहा पाजला.

*

शेठसाठी आम्ही माणसं तयार केली. पुण्याची वैशाली, नागपूरचे देशमुख काका, दुबईचा समीर. तिघंही खानदेशची शेव आठवून व्याकूळ व्हायचे. एका दुपारी फोरमवर तिघांची चर्चा अगदी रंगात आली होती आणि पिंप्राळ्याची लाईट गेली.

लाईट आल्यावर तिघं पुन्हा सुरू झाले. तेवढ्यात फोरमवरच्या कुणा खऱ्या माणसानं लिहिलं, "वैशालीताई, देशमुख काका आणि समीर एकदमच गप्प झाले आणि एकदमच परत आले. पुणे, नागपूर आणि दुबईला एकाच डीपीवरून वीज जाते काय?"

आमची तिन्ही माणसं त्या एका प्रश्नानं जागीच गारद झाली. फोरमवाल्यांनी त्यांना काढून टाकलं. शहाण्या माणसानं यातून काहीतरी धडा घेतला असता. नितीनभाऊंनी इन्व्हर्टर घेतला.

*

त्याच सुमाराला नशिराबादच्या सुमनअक्का आल्या. हातात स्टीलचा डबा, डब्यात तळलेल्या बिबड्या. ज्वारीचा घाटा शिजवून, मिरची-लसूण-तीळ घालून, कापडावर थापून उन्हात वाळवलेला हा पापड आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी होतो. अक्कांचा त्याचाच धंदा. नवरा गेल्यावर त्या एकट्याच आठवडी बाजारात बिबड्या घेऊन बसल्या, आणि आता गल्लीतल्या बायका त्यांच्या हाताखाली होत्या.

नितीनभाऊंनी ठरलेला प्रश्न विचारला, "अक्का, तुम्हाला कुठपर्यंत पोहोचायचंय? मुंबई? परदेश?"

नशिराबादला उभा जन्म गेला तरी अक्कांची बोली माहेरचीच, अहिराणी. म्हणाल्या, "दोंडाईचा."

आम्हाला वाटलं, तिथे मोठा व्यापारी असेल. तसं नव्हतं. ते त्यांचं माहेर, आणि तिथे थोरले भाऊ होते, नाना. बहीण बाजारात बसली तेव्हा नाना येऊन बोलून गेले होते, "आपल्या घरची बाई रस्त्यावर पापड विकते? आजपासून मी तुझ्या दारात येणार नाही." आणि खरंच आले नाहीत. धाकटी बहीण शिरपूरला दिलेली. तिनंही नानांचीच बाजू धरली. अक्कांच्या मुलीच्या लग्नाला माहेरचं एक माणूस नव्हतं.

"त्याना कानवर मनं नाव बाहेरथून जावाले पाहिजे," अक्का म्हणाल्या. "मी सांगसू तर तो ऐकाव नही. बठ्ठा जग सांगी, तवय ऐकी."

आजवर आलेल्या गिऱ्हाइकांत एवढी साफ मागणी कुणी केली नव्हती. मला तर त्या क्षणी सगळं सोडून दोंडाईचाची गाडी पकडावी आणि त्या नानांच्या घरासमोर उभं राहून ओरडावं असं वाटलं. नितीनभाऊ डबा संपवत म्हणाले, "अक्का, होऊन जाईल!"

*

मधला एक किस्सा अनीसचा. अनीसच्या अब्बूंचं धुळ्यात पत्र्याच्या पेट्या बनवायचं दुकान. अनीसला वाटलं, घरचंही थोडं काम करू. फोरमवर "सातपुड्याचा वाघ" असं नाव घेऊन त्यानं लिहिलं की लग्नात मुलीला कपाट द्यायचं खूळ सोडा, पत्र्याची पेटी द्या.

लगेच कुणीतरी भिडलं. "पेटीचे दिवस गेले, आता कपाटच." अनीसही मागे हटणारा नाही. आठवडाभर नुसती जुगलबंदी चालली. पेटीच्या कड्या, कपाटाच्या बिजागऱ्या, उंदीर, भाड्याचं घर बदलताना होणारे हाल, सगळं निघालं.

एका दुपारी नितीनभाऊंनी चिडून कीबोर्ड बाजूला सारला. "हा सातपुड्याचा वाघ कोण आहे राव? डोकं उठवलंय! माझ्या फर्निचरवाल्या गिऱ्हाइकाची पार वाट लावतोय!"

समोरच्या टेबलावरून अनीसनं हळूच हात वर केला.

पुढे गंमत म्हणून आम्ही एआयला विचारलं, लग्नात पेटी द्यावी की कपाट? त्यानं गंभीरपणे उत्तर दिलं, "या विषयावर खानदेशातील जाणकारांमध्ये तीव्र मतभेद आहेत." ते जाणकार तेव्हा एकाच प्लेटमधली कचोरी खात होते.

*

अक्का अधूनमधून फेरी मारायच्या. जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवायच्या आणि वर आल्या की पहिला प्रश्न, "मना भाऊले समजनं का?" आम्ही "चाललंय अक्का" म्हणायचो. खरं म्हणजे काहीच चाललं नव्हतं. बिबडीबद्दल विचारलं की फोन भलत्याच मोठमोठ्या पापडवाल्यांची नावं सांगायचा.

मग नितीनभाऊंनी स्वतः लेखणी उचलली. त्यांचं एक तत्त्व आहे. "हसवलं तर लोक पुढे जातात, रडवलं तर थांबतात." त्यांनी बिबडीवर जे काही लिहिलं, त्या प्रत्येकात कुणीतरी गेलेलं होतं. "आजी गेली, आणि तिच्याबरोबर ती बिबडीही गेली असं वाटलं होतं, पण परवा सुमनअक्कांची बिबडी खाल्ली..." पुढच्यात आई गेली. त्याच्या पुढच्यात सासू, मग मावशी, मग आत्या.

"भाऊ, जरा हात आवरा," मी एकदा म्हटलं. "खानदेशात बाईमाणूस उरणार नाही." ते हसले आणि त्याच दुपारी त्यांनी एक काकू संपवली.

*

त्यातल्याच एका पोस्टवर एका बाईचं उत्तर आलं. ती परदेशात कुठेतरी राहणारी, आमच्याच भागातली. तिनं लिहिलं होतं, "तुमच्या आजीचं वाचून खूप रडले. माझी आजी मागच्या महिन्यात गेली, मला येता आलं नाही. उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या राखायला ती मला बसवायची. तुमच्या आजीचं नाव काय होतं हो?"

नितीनभाऊंनी तो प्रश्न पुन्हा वाचला. इतक्या आज्या मारल्या, पण एकीलाही नाव दिलेलं नव्हतं. मग ते उठले, खाली जाऊन उभे राहिले. वर आले तेव्हा डोळे लाल होते. त्यांनी स्वतःच्या आजीचं खरं नाव लिहिलं, ती किती लाड करायची ते लिहिलं, आणि त्यात बिबडीचा किंवा कुठल्याच गिऱ्हाइकाचा शब्द घातला नाही. मला त्या दिवशी हा माणूस फार आवडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत एक मामी मारली, ते सोडा.

*

आणि मग ती सकाळ. अनीस रोज आल्या आल्या एआयला आमचे ठरलेले प्रश्न विचारतो. त्या दिवशी तो खुर्चीतून ओरडतच उठला, "आलं! अक्कांचं नाव आलं! पहिलंच!"

आम्ही दोघं धावलो. खरंच होतं. खानदेशी बिबडी कुणाची चांगली, असं विचारल्यावर फोननं सगळ्यात आधी नशिराबादच्या सुमनअक्कांचं नाव घेतलं होतं. नितीनभाऊंनी तिथल्या तिथे पेढ्यांसाठी पाकीट काढलं. अनीस मात्र पुढे वाचत होता आणि त्याचा आवाज बारीक होत गेला. "दिवंगत सुमनअक्का यांच्या निधनानंतरही त्यांच्या हातची चव जपली गेली असून, अनेक कुटुंबांनी त्यांच्या जाण्याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे."

त्या यंत्राचं तरी काय चुकलं? इतक्या पोस्टमध्ये इतक्या बायका गेल्या, आणि प्रत्येक पोस्टमध्ये नाव मात्र एकाच बाईचं. त्यानं आपला हिशेब जुळवला.

नितीनभाऊंनी पाकीट परत खिशात टाकलं. "हे दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत आपण जाऊन सांगू," म्हणाले. आम्ही तिघं तसेच नशिराबादला निघालो. त्या बाईनं आमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि आम्ही तिला मारून बसलो होतो.

अक्का ओट्यावर बसून घाट्यासाठी पीठ कालवत होत्या. नितीनभाऊंनी चप्पल काढून, मान खाली घालून सगळं सांगितलं. अक्कांना अर्धं कळलं, अर्धं नाही. "म्हंजे मी मरी गयी?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. आमच्याकडे कुणी गेलं की नातेवाईक दारावर येतात, आणि रडणं गल्लीच्या तोंडापासूनच सुरू होतं. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला एक म्हातारा माणूस काठी टेकत, हंबरडा फोडत येत होता. "सुमन वं... मनी बहीन वं... कोन्ही सांगं बी नही वं... सूननी रातले मोबाईलमा वाचं तवय समजनं वं..."

शेजारपाजारच्या बायका दारांत आल्या. कुणीच त्यांना थांबवलं नाही. नाना ओट्यापाशी पोहोचले, डोळे पुसले आणि वर बघितलं. समोर अक्का उभ्या होत्या, हाताला कोपरापर्यंत पीठ.

रडणं मधेच थांबलं. नानांची काठी हातातून निसटली.

"तू... तू शेस?"

"शे ना, नाना," अक्का म्हणाल्या. "आठेच शे. आते उनाच शेस तर घरमा ये."

नाना बहिणीचा पिठाचा हात धरून तसेच ओट्यावर बसले आणि पुन्हा रडायला लागले. या खेपेला आवाज नव्हता. अक्कांनी चहा टाकला, कढई ठेवली आणि बिबड्या तळल्या. ज्या पापडापायी इतकी वर्षं बहिणीचं दार टाळलं, तो नाना खाली मान घालून खात होते. त्यांनी दुसरा मागितला तेव्हा मला तिथे उभं राहवेना, मी मागच्या परसात जाऊन डोळे पुसून आले.

परत आले तेव्हा नितीनभाऊ चुलीपाशी अक्कांना हात जोडून सांगत होते, "अक्का, आजच्या आज मी सगळीकडे लिहितो की तुम्ही ठणठणीत आहात. काही करून ते दुरुस्त करून घेतो. शब्द देतो."

अक्कांनी झाऱ्यातली बिबडी निथळली. ओट्यावर बसलेल्या भावाकडे एकदा बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या,

"दोन दिन ऱ्हाऊ दे, भाऊ. शिरपूरवाली धाकली आजून येवानी बाकी शे."