आखाजीहून परतणाऱ्या बाया

चैत्रात नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही जेवणाच्या सुट्टीत डबे उघडत होतो. तिची लेक एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली..." डबे तसेच बंद झाले.

सुरतजवळच्या सचिन गावातल्या आमच्या कारखान्यात साड्यांच्या घड्या घालून पेट्या भरायचा विभाग नलूताईचा. तिच्या हाताखाली बहुतेक सुरतेच्या गोडादरा वस्तीतल्या खानदेशी बाया, चाळिशी उलटलेल्या, लेकुरवाळ्या. मी तिथे हजेरी पाहते. काही वर्षांपूर्वी नवे मॅनेजर आले, ते कुठलंसं प्रशिक्षण घेऊन. वय, लग्न आणि गाव पाहिलं की माणूस किती टिकणार ते म्हणे आधीच कळतं! बिनलग्नाची तरुण मुलं घ्या, या बाया ऐन लग्नसराईत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी पळतात, असं त्यांनी शेठच्या डोक्यात भरवलं आणि काही बिहारी मुलं घेतलीही. बाया पळायच्या हे खरंच. रजा मागून मिळायची नाही, मग कुणाची सासू आजारी पडे, कुणाचा मामा वारे. एकेकीचे मामा तर दरसाल वारत.

बायांना काढायचं जवळजवळ ठरलं, तेव्हा नलूताई शेठपुढे उभी राहिली. "राजीखुशीनं रजा द्या, शेठ."

"बेन, गई तो पाछी नहीं आवे."

"येतीन. त्यासना पोरं आठे शाळेत शेतस, त्या कोठे जातीन? एक जरी नही वनी, ते मीबी घर बठसू."

एक जरी बाई परतली नाही, तरी ही आपली नोकरी सोडणार! तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीवर...

रजा मिळाली. बाया झोके खेळल्या, गौराईची गाणी म्हटली आणि ठरल्या दिवशी झाडून सगळ्या हजर! तोवर नव्या मुलांतली निम्मी जवळच्या पलसाण्याच्या कारखान्यांत जास्त पगारावर गेली होती. शेठ मुलांवर उखडले, तर नलूताईच त्यांच्या बाजूनं बोलली, "त्यासले तरी कोनी घरनं इचारं का?" मग छठपूजेला बिहारी मुलांनाही रजा मिळू लागली, आणि तीही परतू लागली. काय आनंद झाला होता मला!

यंदाची आखाजी तिच्याविना पहिलीच. "आता हमी कोण देणार?" मॅनेजरांनी विचारलं. बाया तरीही गावाला गेल्या. परतायच्या दिवशी राहवेना म्हणून मी लवकर निघाले, तर फाटक अजून बंद आणि बाहेर सगळ्या जणी, हातात नव्या बांगड्या, पिशवीत सांजोऱ्या.

आत जाऊन त्यांच्यातल्या रखमानं नलूताईच्या टेबलावर पहिली साडी अंथरली, घडी घातली आणि मॅनेजरांकडे वळून म्हणाली, "पुढली आखाजीनी हमी मी देस, सायब."