बिनस्क्रूचे दत्तूअण्णा

आदरणीय दत्तूअण्णांची आणि माझी पहिली भेट जमिनीवर झाली. मी शहापूरचा लग्नाचे फोटो काढणारा. कॉम्प्युटर बंद पडला म्हणून कॅबिनेट मांडीवर घेऊन जीपने मुरबाडला गेलो, तर अण्णा आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रांगत होते. "पाय नका हलवू! स्क्रू पडलाय," त्यांनी फर्मावलं. मीही रांगू लागलो. शेवटी एक स्क्रू सापडला, पण तो भलत्याच कॅबिनेटचा निघाला.

कारण साधं होतं. अण्णांचा उजवा हात थरथरू लागला होता. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण बारीक स्क्रू त्यांना दाद देत नव्हते. चिरंजीव महेशराव रोज बजावत, "बाबा, दुकान बंद करा आता. लोकांची मशिनं बिघडवाल." अण्णांना तालुक्याशी बोलायची ती एकच जागा होती, आणि तीच जायची वेळ आली होती.

नव्या कॅबिनेटांनी त्यांना तारलं. हार्ड डिस्क प्लास्टिकच्या ट्रेमध्ये दाबायची, ट्रे खाचेत सरकवायचा, टक् वाजलं की झालं. स्क्रू नको, स्क्रूड्रायव्हर नको. पहिलं टक् ऐकल्यावर अण्णांनी शेजारपाजारी पेढे वाटले. पण आमच्या भागात जुनी कॅबिनेटंच जास्त, त्यांना ट्रे कुठले! अण्णांनी परसातला बांबू तोडला, कामट्या तासल्या. कोयत्याच्या कामाला हात थोडा हलला तरी चालतो, असं त्यांचं मत. आम्ही लांब उभे राहत असू. कामट्यांच्या बारीक खुंट्या डिस्कच्या बाजूच्या भोकांत बसवल्या की डिस्क खाचेत गच्च सरके. मग दारावर पाटी लागली: 'येथे स्क्रू वापरला जात नाही.' शुद्ध शाकाहारी खानावळीच्या थाटात.

चूक एकच झाली. बांबू ओला होता. दिवाळीनंतर कामट्या सुकून आक्रसल्या. मी एका घरी माझं कॅबिनेट नेऊन लग्नाची फिल्म दाखवत होतो. मंगलाष्टकं सुरू झाली आणि कॅबिनेटमधून खडखड येऊ लागली. नवरीची आत्या म्हणाली, "आता दळाय कोण बसलं गो?"

महेशरावांनी निकाल देऊन टाकला. पुन्हा कामट्या सैल झाल्या तर दुकानाला कुलूप. अण्णांनी हुज्जत घातली नाही. "घाई माजी होती. बांबूची काय चूक नाय," एवढंच ते म्हणाले, आणि मी वयाने लहान असूनही माझी माफी मागितली. बांबू चुलीवरच्या धुरात महिनोन्‌महिने सुकवला, मगच नव्या कामट्या केल्या.

या कामट्यांच्या परीक्षेच्या दिवशी माझं कॅबिनेट महेशरावांच्याच मांडीवर ठेवलं. जीपने मुरबाडहून शहापूर आणि परत. रस्त्याने काही कसर ठेवली नाही. महेशराव कंबर धरून उतरले. मशीन चालू केलं. नेहमीची बारीक घरघर, बाकी काही नाही. अण्णा हात मांडीखाली दाबून बसले होते.

महेशरावांनी मशीन बंद केलं. दोन बोटांनी डिस्क बाहेर ओढली, परत सरकवली, पुन्हा ओढली. मग वडिलांकडे न बघताच त्यांनी विचारलं, "बाबा, उद्या दुकान कितीला उघडायचं?"

अण्णांनी मांडीखालून हात काढले आणि दारावरची पाटी पुसायला घेतली. मला भरून आलं, हे इथे उघडच लिहितो.

साठी पूर्ण करणाऱ्या अण्णांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि दुकान कितीला उघडायचं, हे विचारणारं माणूस त्यांच्या घरात रोज असो.