आठ लेकरांचं अंगण

माझी कुठं ओळख करून द्यायची झाली की लोक अजूनही त्या एका दृश्याचा उल्लेख करतात. शेणानं सारवलेलं अंगण, रांगेनं जेवायला बसलेली आठ मुलं आणि त्यांना वाढणारी त्यांची आई. पुढं तीसेक वर्षं मी जंगलं, नद्या आणि वाढत जाणारी माणसं यांच्यावर अनुबोधपट केले, पण नाव झालं ते या मिनिटभराच्या तुकड्यानं. लोक कौतुक करतात तेव्हा मी मान डोलावतो. खरं म्हणजे मला त्या दृश्याची लाज वाटते. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, आता वय झालंय, सांगून टाकतो.

पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती. आम्ही तिघंजण एका जीपमधून तो मुलूख पालथा घालत होतो: दिग्दर्शक, कॅमेरामन म्हणून मी, आणि ड्रायव्हर. विषय वरून ठरून आलेला होता. माणसं वाढतात, त्यांना शेतं लागतात आणि जंगल मागं सरतं, एवढं दहा मिनिटांत दाखवायचं.

आलापल्लीच्या सागवनात आम्ही तीन आठवडे काढले. तिथं मला एक जुना साग कोसळताना टिपता आला. पाखरं उडाली, धूळ उठली, उन्हाचा मोठा झोत एकदम जमिनीवर आला. असं चित्रण आयुष्यात एखाद्या वेळी हाती लागतं. संध्याकाळी वनरक्षक बोलता बोलता म्हणाला की ते झाड आतून पोकळ झालं होतं, धोक्याचं म्हणून पाडलं. दिग्दर्शकांनी लगेच वही काढली आणि त्या चित्रणावर काट मारली. "शेतासाठी तोडलेलं झाड म्हणून हे कसं दाखवणार? खोटंच दाखवायचं तर नाटक कंपनी काढू," ते म्हणाले. माणूस असा सरळ. मी चार दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. मनात एकच होतं, पुन्हा असं काही मिळालं तर ते यांच्या हाती वाया जाऊ द्यायचं नाही.

सिंदेवाहीला पोचलो आणि दिग्दर्शकांना हिवतापानं गाठलं. विश्रामगृहात ते दोन घोंगड्या अंगावर घेऊन कुडकुडत पडले होते. फिल्मचा मोठ्या कुटुंबाचा भाग तेवढा राहिला होता. "तुम्ही जाऊन या. घर नीट चौकशी करून निवडा," त्यांनी मला बजावलं. मी ड्रायव्हरला घेऊन तलावाकाठच्या एका वस्तीवर गेलो. धानाची थोडी शेती आणि तलावातले मासे यांवर जगणारी पंधरा-वीस घरं. चौकशी कसली, मी उजेड बघत हिंडलो. एका घराच्या मांडवातून ऊन असं तिरपं उतरत होतं की मी तिथंच थांबलो. दारात तिशीची एक बाई उभी होती. तिचा चेहराही कॅमेऱ्यानं मागून घ्यावा असा होता.

"बाई, तुमची मुलं कुठं आहेत? सगळ्यांना अंगणात जेवायला बसवा. सरकारी सिनेमा काढतोय," मी म्हणालो.

तिनं शेजारच्या घरांकडे बघितलं. मग म्हणाली, "आनतो भाऊ. बसा तुमी."

तिनं भात रांधला, माशांचा रस्सा केला आणि घरोघर फिरून आठ लेकरं गोळा करून आणली. तिला घरोघर फिरताना मी बघितलं होतं. तिची मुलं खेळायला गेली असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती वाढायला लागली आणि मी कॅमेरा सुरू केला. सगळ्यात धाकट्याला तिनं मांडीवर घेतलं, काटे काढून काढून ती त्याला भरवत होती. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मला पुन्हा कुठंच टिपता आलं नाही.

आमचा कॅमेरा चावीचा. मी चावी द्यायला थांबलो तशी कुंपणापलीकडची एक म्हातारी हळूच म्हणाली, "यातलं तिचं एकबी नाई, भाऊ. तिचं लेकरू जगत नाई. तिच्या हातचं आमी पोट्ट्यायले खाऊ देत नाई. आज सरकारी गाडी आली म्हनून देल्ले."

मी म्हातारीकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं. ऊन अजून दहा मिनिटं टिकणार होतं. मी पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला आणि राहिलेलं रीळ संपवलं.

विश्रामगृहात परतल्यावर दिग्दर्शकांनी विचारलं, "किती मुलं?"

"आठ," मी म्हणालो. पडल्या पडल्याच त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढं मुंबईत निवेदन तयार झालं ते त्या वहीवरून.

फिल्म गाजली. वर्षभरानं दुसऱ्या कामासाठी आम्ही दोघं पुन्हा सिंदेवाहीला आलो. त्याच वेळी प्रचाराची गाडी आमची फिल्म घेऊन तिथं आली होती. बाजाराचा दिवस होता. धानाच्या गोदामाची दारं लावून, झरोक्यांना पोती बांधून भरदुपारी अंधार केला होता. दारं लागण्याआधी मला ती दिसली. अख्खी वस्ती बैलगाड्या जुंपून आली होती, आणि ती नवं लुगडं नेसून नवऱ्याबरोबर पुढं बसली होती. गाडीबरोबरच्या अधिकाऱ्याला मी म्हटलं, ही फिल्म आज नको, दुसरी लावा. त्यानं कारण विचारलं. दिग्दर्शक हाताच्या अंतरावर खुर्चीत बसले होते. कारण सांगायचं तर त्यांच्यासमोर सांगावं लागणार होतं. "काही नाही, हीच लावा," मी म्हणालो.

अंगण पडद्यावर आलं तशी गोदामात एकच गलबल झाली. ज्या त्या आईनं आपापलं पोर ओळखलं. आणि भारदस्त आवाजात निवेदक बोलू लागला, की या माउलीच्या पदरी आठ मुलं आहेत, आणि इतक्या तोंडांना अन्न पुरवायचं तर जंगलानं जायचं कुठं. मागून एक बाप्या म्हणाला, "हिले एक नाई, अन् हा आठ म्हन्ते!" सगळं गोदाम हसलं. तिचा नवरा उठला आणि लोकांना ढकलत बाहेर निघून गेला. ती बसून राहिली. पुढं आलापल्लीचे साग येऊन गेले, फिल्म संपली, दारं उघडली, तेव्हाही ती तशीच बसलेली होती.

मी जीपशी जाऊन उभा राहिलो. ती माझ्याच दिशेनं येताना दिसली. शिव्या दिल्या तर खालमानेनं ऐकायच्या, असं मी ठरवलं होतं.

ती रागावलेली नव्हती. "भाऊ," ती म्हणाली, "तो मानूस आठ म्हनून राह्यला. आठ नाई. मले चार झाले. दोन पोरं, दोन पोरी. मोठा तं चालाले लागला होता, त्या तलावाच्या पाळीपर्यंत माह्या मागं ये. वस्तीतले लोक आता हिशोबात धरत नाईत त्यायले. काईच झालं नाई म्हन्तेत. सायबाले सांगजा, चार म्हनाव. तेवढं बरोबर करा."

एवढं बोलून ती थांबली. उत्तरासाठी थांबली होती. दिग्दर्शक दहा पावलांवर होते. त्यांना सांगितलं असतं तर ते तिथल्या तिथं वही काढून बसले असते, तिचं सगळं लिहून घेतलं असतं, आणि मुंबईला जाऊन फिल्म मागं घेतली असती. माझ्या नावासकट.

त्यांनी तिथूनच विचारलं, "काय म्हणतायत बाई?"

"फिल्म आवडली म्हणतायत," मी म्हणालो.

ती माझ्यासमोरच उभी होती. तिनं ते ऐकलं. मग पदर सावरून ती एकटीच गाड्यांकडे चालत गेली.