पायवाटेची मोजणी

आई गेल्यावर आप्पा आमच्याकडे बोळिंजला राहायला आले. दोन वर्षांत ते जिना उतरले असतील ते दाढी-कटिंगपुरते आणि एकदा डोळे तपासायला. बाकी दिवसभर मागच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. समोर कॉम्प्लेक्सचा रस्ता, त्यापलीकडे गावातल्या जुन्या माणसांच्या वाड्या, केळी, नारळ, सोनचाफ्याच्या रांगा. मी विचारायची, काय बघताय एवढं? ते म्हणायचे, काही नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, चालले नाहीत तर पाय आखडतील, आणि एकदा पाय गेले की माणूस फार दिवस काढत नाही. मी हे आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. गोड बोलून काम करून घेणं मला आजही जमत नाही. मी थेट धाक घालते आणि मग तो लागू पडला नाही की रडते.

दोन हजार सालानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या थंडीतली गोष्ट. आमच्या कॉम्प्लेक्सचे सेक्रेटरी ऑफिसातल्या लोकांबरोबर लोणावळ्याच्या डोंगरात कुठल्याशा शर्यतीत पळून आले, आणि आल्यापासून त्यांच्या तोंडी एकच शब्द, 'ट्रेल'. ट्रेल म्हणजे आपली पायवाटच, पण इंग्रजीत म्हटली की तिच्यावर चिखल नसतो. तर अशी एक पायवाट आमच्या मागेच होती. वाड्यांमधून निघून भातखाचरांच्या बांधांवरून ती थेट किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांत जायची. सेक्रेटरींनी सभा बोलावली. रविवारी सकाळी तरुणांनी पळायचं, बाकीच्यांनी पोरंबाळं आणि म्हातारी माणसं घेऊन चालायचं. एका घराला एकच नंबर. नंबरात जितकी नावं, तितकी माणसं चालत एकत्र पोचली, तरच ते घर पूर्ण झालं असं धरायचं. हा नियम मला फार आवडला. मी सभेतच तीन नावं दिली, माझं, माझ्या आठ वर्षांच्या लेकीचं आणि आप्पांचं. नवरा तेव्हा गुजरातेत साइटवर असायचा.

घरी येऊन सांगितलं तर आप्पा गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले. पण लेक त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, तुम्ही आला नाहीत तर आपलं घर धरणारच नाहीत." दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला तेव्हा आप्पा पायांत मोजे चढवत होते.

पहिल्या दिवशी गेटपर्यंत गेले. मग कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत. आठवड्याने तळ्यापर्यंत जाऊन, कट्ट्यावर न बसता परत. जिन्यात धापा टाकायचे, पण वर आल्यावर अर्धी भाकरी जास्त खायचे. स्टेशनजवळून कॅनव्हासचे पांढरे बूट आणले, ते लेकीला दाखवायला दोनदा घालून काढले. मी शेजारणींना सांगत सुटले, बघा, आमचे आप्पा. मला वाटत होतं आपण यमाच्या दारातून माणूस ओढून आणला.

मग अंतराचा प्रश्न आला. सेक्रेटरींनी ते स्कूटर चालवून काढलं होतं, आणि ज्या बांधावर स्कूटर जात नाही तिथे अंदाजाने. पुढच्या सभेत आप्पा उभे राहिले. माझे वडील परक्यांपुढे बोलायला उभे राहिलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. ते म्हणाले, "वाट मी मोजून देतो."

त्यांचा तो धंदाच होता. एका खासगी मोजणीवाल्याकडे त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. आमच्या भागात जी कॉम्प्लेक्सं उभी राहिली, त्यांतल्या कितीतरी जागांवर पहिला पाय बिल्डरचा नव्हता, आप्पांचा होता. फीत, लाल-पांढरे दांडे, खुंट्या आणि चुन्याची पिशवी घेऊन, डोक्यावर टोपी घालून ते आधी जायचे. बुलडोझर नंतर यायचे. आमचा फ्लॅटसुद्धा त्यांच्याच ओळखीतून मिळालेला. हे सगळं मला माहीत होतं, पण धान्य दळून येतं तेव्हा गिरणीवाल्याचा विचार कोण करतो, तितपतच.

सभेत आप्पा आणखी एक वाक्य बोलले. "फक्त त्या पहिल्या वाडीतून वाट नको. वाडीच्या भिंतीला वळसा घालून बांधावरून न्या."

सेक्रेटरी म्हणाले, बांधावर ऊन लागेल, वाडीत सावली आहे, आणि वाडीवाल्यांच्या मुलाशी आपलं बोलणं झालंय, तो हो म्हणालाय. मुलगा वसईला बँकेत होता, स्टेशनवर भेटला तेव्हा उभ्या उभ्या हो म्हणाला होता. आप्पा पुन्हा काहीतरी सांगू लागले. आणि मी चाळीस माणसांसमोर म्हणाले, "आप्पा, आत्ता कुठे घराबाहेर पडलाय, तर लगेच नको-नको सुरू करू नका." लोक हसले. आप्पा खाली बसले.

त्यानंतरचे आठ दिवस मी आजही विसरलेले नाही. पलंगाखालची लोखंडी ट्रंक उघडली गेली. फितीचं एक टोक लेकीकडे, एक आप्पांकडे. दर शंभर मीटरला खुंटी, खुंटीवर लाल रंगात आकडा, वळणावर चुन्याची रेघ, झाडाला लाल चिंधी. लेक घरी येऊन मला दरडावायची, "फीत सैल धरायची नसते." मीच आप्पांना म्हटलं होतं, अगदी तुम्ही कामावर करायचात तसंच करा. पहिली वाडी त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवली. रविवारी सकाळी, गाव मिस्साला चर्चमध्ये गेलेलं असताना, आजोबा आणि नात आत जाऊन तासाभरात काम उरकून आले. मला वाटलं, तेव्हा रहदारी कमी असते म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गेटशी त्या वाडीतल्या सगळ्या खुंट्या पडल्या होत्या. नुसत्या उपटलेल्या नाहीत, कोयत्याने दोन-दोन तुकडे केलेल्या. चुना लागलेली माती घमेल्यात भरून आणून वॉचमनच्या टेबलाशी ओतली होती. सहा-सात माणसं उभी होती आणि त्यांच्या पुढे एक सत्तरीची बाई, लालचौकडी लुगडं, गळ्यात क्रूस. "कोन आलेला मोजाया?" ती विचारत होती. "परत कोन आला?"

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर दूध अजून उकळत होतं. गावात ज्याच्या जागेत एकदा खुंटी आणि चुना पडला, तिथे वर्षा-दोन वर्षांत इमारत उभी राहिली, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि आम्ही शहाण्यांनी पोराबाळांच्या शर्यतीसाठी तेच दोन्ही नेऊन, आतल्या माणसाला न विचारता, तिच्या चाफ्याच्या रांगेत ठोकलं होतं. सेक्रेटरींचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खुंट्या माझ्या वडिलांच्या होत्या, म्हणजे निस्तरायचं मी.

मी त्या बाईंबरोबर वाडीत गेले. दाराशी पांढरा रंगवलेला क्रूस, अंगणात अबोलीच्या वेण्या करायला बसलेली सून. मावशी, असं मी म्हटलं, आणि शर्यतीचं सगळं सांगितलं, खुंट्या आमच्या आप्पांनी ठोकल्या हेही. तिच्या मुलाने घरी काहीच सांगितलं नव्हतं.

"पोरं पळतील तर पळूं देत," ती म्हणाली. "पन तो मानूस मी ओळखते, बाय. तो टोपीवाला. दहा-बारा वर्षं झाली, असाच आलेला. मी विचारला, काय करतोस? तर बोलला, मावशी, नुसता मोजतो, मोजल्याने काय होते? मग पानी मागितलन. मी विहिरीतून काढून दिला. पिऊन गेला. तुमचा रस्ता आला तर विहीर रस्त्यात. माझ्या सासऱ्याने खनलेली. दोन दिवस डंपर माती टाकत होते, मी इथे उभी राहून बघत होते."

 त्या रस्त्यावरून मी रोज भाजी आणायला जाते.

"तो तुमच्या वरच्या गॅलरीत बसतो," ती म्हणाली. "मला इथून दिसतो. दोन वर्षं बघते मी त्याला."

मग तिने अट घातली. पोरं येऊं देत, बाया येऊं देत, ती स्वतः पाण्याची कळशी भरून ठेवील. मिस्साला जायचं चुकायला नको, म्हणून सातच्या आत सगळे वाडीतून गेले पाहिजेत. आणि तो माणूस तिच्या वाडीत पाय ठेवणार नाही.

मी हो म्हटलं. विचार करते, घरी विचारून सांगते, असं काही नाही. हो म्हटलं, लगेच. दोनशे नावं नोंदली गेली होती, शर्यत सहा दिवसांवर आली होती आणि मला तिच्या नजरेसमोरून सुटायचं होतं.

आप्पांना मी खोटं सांगितलं. म्हटलं, कमिटीला शेवटच्या ठिकाणी वेळ लिहायला खात्रीचा माणूस हवा आहे, तुमच्यासारखा दुसरा कोण, तुम्ही रिक्षाने थेट सुरूच्या बनात या. त्यांनी मग विचारलं, "वेळेचे रकाने आखलेत का?" मी नाही म्हटल्यावर पट्टी-पेन्सिल घेऊन आखायला बसले. लेक रडली, पाय आपटले. त्यांनी तिला सांगितलं की गुडघा पुन्हा धरलाय. ते सहा दिवस त्यांनी सकाळचं फिरणं मात्र सोडलं नाही. मला ते पाहवत नव्हतं, म्हणून मी त्या वेळी मुद्दाम कपडे धुवायला काढायची.

रविवारी धुकं होतं, अंगात स्वेटर असूनही हुडहुडी भरत होती. पळणारे पुढे गेले. आम्ही मायलेकी चालत निघालो, छातीवर एक नंबर आणि त्याखाली तीन नावं. वाडीत मावशी कळशी घेऊन उभी होती. माझ्या लेकीला तिने पेला भरून दिला. लेक म्हणाली, "आजोबा पण येणार होते. त्यांचा गुडघा दुखतो." मावशीने कळशीवर झाकण ठेवलं, पुन्हा काढलं, आणि मागून येणाऱ्या पोरांना पाणी देऊ लागली. पुढे बांधावर लेक काय काय बोलत होती, मला एक अक्षर आठवत नाही.

सुरूच्या बनात आप्पा टेबलाशी बसले होते. आमचा नंबर पाहून त्यांनी वेळ लिहिली. मग यादीवर बोट ठेवलं.

"तीन नावं आहेत."

"आजोबा, तुम्ही इथेच आहात की!" लेक म्हणाली. "झालो ना आपण तिघं!"

"चालत यायचं असतं, बाळा," आप्पा म्हणाले, आणि आमच्या नावांपुढे लिहिलं, अपूर्ण. खोटा आकडा त्यांनी जन्मात लिहिला नव्हता. लेकीला बिल्ला मिळाला नाही. सेक्रेटरी म्हणाले, अहो, देऊन टाका. आप्पांनी मान हलवली.

दहापर्यंत माणसं पांगली. लेक वाळूत खेळत होती. मी सतरंज्या गुंडाळत होते. आप्पा मागून म्हणाले, "पाणी दिलं का तिनं?"

"कुणी?" मी म्हटलं. चाळिशीला आलेली बाई मी, आणि वेड पांघरत होते.

"घड्याळ कुणालाही बघता येतं. त्यासाठी मी लागत नाही," ते म्हणाले. "दिलं का?"

"दिलं."

"आता नळाचं असेल."

"हो."

"विहिरीचं फार गोड होतं. मी दोन तांबे प्यायलो आणि काठाशी खुंटी ठोकली. रस्ता आठ हात अलीकडून जाऊ शकत होता. मला दिसत होतं. साहेबाला एवढंच सांगायचं होतं. त्याने विचारलं नाही, मी बोललो नाही."

मी सतरंजी हातात घेऊन उभी. आप्पा चालायला का लागले, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरायला लागलं. त्यात डॉक्टर नव्हते, मी नव्हते, कदाचित नातही नव्हती.

"मग सभेत त्या वाडीतून नको का म्हणालात?"

"शंभर माणसांच्या गर्दीत जायचं नव्हतं. एकट्याने जायचं होतं. तिच्या दारापर्यंत पाय पोचतील एवढं चालायला यावं, म्हणून रोज उतरत होतो. त्या दिवशी मोजायला गेलो तेही धीर करूनच. पण ती चर्चमध्ये गेल्याची वेळ निवडली, आणि हात आपसूक खुंट्या ठोकत गेला."

"आप्पा, उद्या जाऊ. मी येते तुमच्याबरोबर. मी सांगते तिला."

त्यांनी कागदांवर दगड ठेवला होता तो उचलला, कागद नीट केले. "तिने नको म्हटलंय ना मला?"

मी हो म्हटलं.

"तू कबूल केलंस?"

मी पुन्हा हो म्हटलं.

"मग नको," आप्पा म्हणाले. "जागा तिची आहे."