रूपरावजीच्या गाडीचे ढिले प्लग

महिन्यात चौथ्यांदा गाडीचा प्लग ढिला झाला, तेव्हा माझं डोकं फिरलं. आंजीहून वर्ध्याला भाजी नेणारी आमची ही छोटी गाडी. गॅसवर चालते, इंजिनाला दोन सिलेंडर, दोन प्लग. अठरा घरांच्या आमच्या भाजी मंडळानं मिळून घेतलेली. पण गावात कोणी तिला मंडळाची गाडी म्हणत नाही, रूपरावजीची गाडी म्हणतात.

रूपरावजी मूळचे मोटरपंपवाले. तीस वर्षं गावातल्या विहिरींवर मोटारी उतरवल्या, पाइप जोडले, गळके नळ थांबवले. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी लायसन काढलं, तेही दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला नापास झाले ते साऱ्या गावाला स्वतःच सांगत फिरले. दोन वर्षं झाली, त्यांच्या हातून वर्ध्याचा सकाळचा लिलाव एकदाही चुकला नव्हता. आणि आता हे. रस्त्यात गाडी फटफट करायची, ताकद सोडायची, इंजिनातून छक् छक् आवाज यायचा. लिलाव संपल्यावर पोचलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर, कोण घेणार? मान टाकलेल्या जुड्या परत यायच्या.

मंडळाचे अध्यक्ष बंडूजी यांनी मागच्याच सभेत सांगून टाकलं होतं, "आता रूपरावजीच्या चुकीनं एक खेप जरी गेली, तं किल्ली चंदनले." चंदन म्हणजे त्यांचा पुतण्या. लायसन खिशात घालून तयारच बसलेला.

दर वेळी प्लग बसवून देणाऱ्या गॅरेजवाल्या ताराचंदला मी महिनाभर शिव्या घालत होते. त्याच्याविरुद्ध अर्ज लिहिला, अठरा सह्या घेतल्या. त्या दिवशी सकाळी रस्त्यात गाडी बंद पडली, तर मी रूपरावजींना बोनटला हातही लावू दिला नाही. तशीच ट्रॅक्टरला बांधली आणि नेली ताराचंदच्या दारात.

"घे. तूच खोल, सर्वांसमोर खोल!"

"ताई, इंजिन थंडं तं होऊ द्या."

तो अर्धा तास रूपरावजी बाकड्यावर बसून होते. चहासुद्धा घेतला नाही. मला वाटलं, किल्लीची काळजी.

ताराचंदनं प्लग पान्यानं काढला, फिरवून पाहिला, आणि त्याच्या आट्यांमधून नखानं एक पांढरी चिंधी ओढली.

"हे काय होय वो ताई?"

मला काय कळणार?

"नळाची टेप होय. पाइपाले गुंडाळते ते. मी नवा वायसर टाकून, पान्यानं कसून देतो, आन् हे इथं कोण गुंडाळून राह्यलं? गरमीनं हे मऊ होते, दबते, मंग प्लग ढिला नाई होईन तं काय होईन?"

रूपरावजी बाकड्यावरूनच बोलले, "मी गुंडाळली."

"काऊन?"

"गळून राह्यलं म्हणून. छक् छक् करे. जे गळते त्याले टेप लावाची, जिंदगीभर तेच केलं. तू कसून देल्यावरबी, पुन्हा गळू नाई म्हणून घरी लावो."

"मंग मले आजवर दिसली काऊन नाई?"

"तुह्याकडे आणाच्या आधी काढून टाको. तू हसशीन म्हणून."

माझा असा संताप झाला! "अन् मी महिनाभर याच्याशी भांडून राह्यली, ते पाहत होते तुमी? मले सांगाले काय झालं होतं?"

"सांगणार होतो ताई. तुमी बोलणं थांबवाची वाट पाहत होतो."

ताराचंद फिस्सकन हसला. मग बॅटरी लावून त्यानं भोकात पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. सारखं खोल-घाल करून इंजिनाकडचेच आटे खराब झाले होते. नवे पाडावे लागणार, दोन दिवस लागणार. म्हणजे आजची गेलीच, उद्याचीही खेप गेली.

रूपरावजींचा चेहरा पाहून ताराचंदच म्हणाला, "सभेत सांगजा, ताराचंदनं खराब वायसर टाकला म्हणून. माह्यावर अर्ज हायेच, आनखी एक ओळ वाढन."

ज्याला मी चोर ठरवत होते, तो हे बोलत होता. मला ते लागलं. पण मी लगेच म्हटलं, बस, हेच सांगू. किल्ली वाचते ना?

संध्याकाळी समाजमंदिरात सभा बसली. मी उभी राहून सुरुवात केली, "गॅरेजवाल्याच्या चुकीमुळं—"

"ताई, खाली बसा," रूपरावजी म्हणाले. आणि टेपपासून आट्यांपर्यंत सगळं सांगून मोकळे झाले. काही लपवलं नाही, आवाजही चढवला नाही.

मंडळातल्या कुसुमबाईंना हसू आवरेना. "अवो, प्लगातून पाणी येते काय, रूपरावजी!" मग त्याच गंभीर झाल्या. "माणूस खरं बोलला. राहू द्या किल्ली."

बंडूजी म्हणाले, "ठरलं ते ठरलं." हात वर झाले. अकरा चंदनच्या बाजूनं, सात रूपरावजींच्या. त्या अकरांतल्या एकेकाच्या विहिरीत रूपरावजी उतरलेले! वायसरचं खोटं सांगितलं असतं तर यातलं एकही बोट वर गेलं नसतं, हे मला आजही पचत नाही. मी ओरडले, नावं घेऊन ओरडले. सगळे सतरंजीकडे पाहत बसले.

रूपरावजींनी खिशातून किल्ल्या काढल्या. गाडीची आणि घरची किल्ली एकाच कड्यात होती आणि कडं उघडेना. चंदन हात पुढं करून उभा. रूपरावजींनी नखानं ओढून पाहिलं, दातानं पाहिलं. एवढ्या लोकांत कोणी पुढं आलं नाही. शेवटी कुसुमबाईंनी केसातला आकडा काढून दिला.

"इंजिन थंडं झाल्याबिगर प्लगले हात नको लावजो," रूपरावजी चंदनला म्हणाले. आकडा पुसून कुसुमबाईंना परत दिला आणि चपला घालून निघून गेले.