इंगळे सरांची पहिली निवृत्ती

मी साधा वरिष्ठ लिपिक असूनही एका मुख्याध्यापकांना त्यांच्या निवृत्तीच्या तीन वर्षं आधीच निवृत्त केलेलं आहे. अर्ज नाही, आदेश नाही, चौकशी नाही. पाच मिनिटांच्या एका भाषणात काम झालं. आणि ते भाषण मी केलंही नव्हतं, माझ्या मुलीनं केलं होतं. मी फक्त तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो.

त्याचं असं झालं. मी राहतो मूर्तिजापूरला आणि नोकरी करतो अकोल्याला. रोजचं अप-डाऊन. ऑफिसात कामासाठी माझं नाव फारसं कोणी घेत नाही (साहेब तर अजिबात घेत नाहीत), पण निरोप समारंभ म्हटला की सगळ्यांना वानखडे भाऊ आठवतात! कोणीही रिटायर होवो, शाल, श्रीफळ आणि माझं भाषण या तीन गोष्टी ठरलेल्या. एक साहेब तर माझं भाषण ऐकून इतके रडले, की त्यांच्या जागी आलेले नवे साहेबही रडायला लागले. खरं सांगायचं तर ते एकच भाषण आहे. फोनमध्ये साठवून ठेवलंय. माणूस जातो, नाव बदलतं, भाषण तेच राहतं.

तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी प्रज्ञा दहावीत होती, 'ब' तुकडीत. शाळेचा सेंड ऑफ ठरला आणि वर्गाच्या वतीनं मनोगत सांगायला पोरांनी तिला निवडलं. माझी छाती दोन इंच फुगली. रक्तच बोलतं शेवटी! तिनं आपलं आपण दोन पानांचं भाषण लिहून काढलं होतं. मी ते चहा पिता पिता वाचलं आणि चहा तसाच राहिला.

"याच्यात पंखा काहून आहे?"

"वर्गात आहे म्हणून," प्रज्ञा म्हणाली.

"आणि हे भजे, एसटी... अगं, निरोपाचं भाषण आहे का तमाशा? भाषणात लोक रडले पाहिजेत!"

"आमाले रडाचंच नाही बाबा. दहावी झाली का कोणी अमरावतीले क्लासले जाईन, कोणी अकोल्याले, रोशन तं वावरातच जाणार हाय. मंग पुरा वर्ग एका जागी कधी बसन? एकडाव सगळे संग हसले पायजेत, बस."

पोरगी किती मोलाचं बोलली, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण अनुभवी माणसाला लवकर काही कळत नाही. मी तिची दोन पानं घडी घालून तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "तू अभ्यास कर. भाषण मी देतो."

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या मी फोनमधलं माझं हुकमी भाषण उघडलं. 'साहेब' काढून 'इंगळे सर' घातलं, 'कार्यालय' काढून 'शाळा' घातली, 'कर्मचारी' खोडून 'विद्यार्थी' केलं. अकोला स्टेशन यायच्या आत भाषण तयार! परत वाचून पाहिलं नाही. (स्वतःचं लिखाण मी परत वाचत नाही. मलाच रडू येतं.) लगेच घरी पाठवून दिलं.

संध्याकाळी घरात पाय ठेवतो तर प्रज्ञा फोन घेऊन उभी. "बाबा, हे पाहा ना, याच्यात इंगळे सर..."

"एक शब्द बदलायचा नाही!"

"बदलत नाही, पण इंगळे सर तं..."

"मोठमोठे साहेब रडवलेत या भाषणानं. तू फक्त वाच!"

"आयकून तं घ्या तिचं," आतून नंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली.

"तुला भाषणातलं काय समजते?" मी विचारलं. त्यावर नंदानं पोळी तव्यावर जरा जोरात आपटली. प्रज्ञानं फोन खाली ठेवला. मग एकदम गुणी आवाजात म्हणाली, "बरं बाबा. एक शब्द नाही बदलत." पंधरा वर्षांची मुलगी बापाचं इतक्या पटकन ऐकते, तेव्हाच बापानं सावध व्हायला पाहिजे. मी दुसरी पोळी मागून घेतली.

सेंड ऑफच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शाळेच्या हॉलमध्ये पोरी आपापल्या आईच्या साड्या नेसून एकमेकींच्या पिना मोजत होत्या. प्रज्ञानं नंदाची हिरवी साडी नेसली होती. स्टेजवर मधोमध संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्या उजवीकडे मुख्याध्यापक इंगळे सर, डावीकडे पर्यवेक्षिका राऊत मॅडम. इंगळे सर पंचावन्न वर्षांचे, ताठ माणूस. निवृत्तीला अजून तीन वर्षं होती आणि ती तीन वर्षं कशी जातील, याचा हिशेब राऊत मॅडम रोज करत असाव्यात, कारण सरांनंतर खुर्ची त्यांचीच होती.

मी बसल्या बसल्या डावीकडच्या पालकाला सांगितलं, "पोरीचं भाषण मी लिहिलं." मग उजवीकडच्याला सांगितलं. मग मागे वळूनही सांगितलं. प्रज्ञा माइकसमोर आली तसा मी फोन काढला आणि आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर थेट व्हिडिओ कॉल लावून दिला. आनंद वाटल्यानं वाढतो म्हणतात!

"आदरणीय इंगळे सर," प्रज्ञानं खणखणीत आवाजात सुरुवात केली, "आज प्रदीर्घ सेवेनंतर आपण या शाळेचा निरोप घेत आहात..."

सर हसत होते. ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त डोळे बारीक झाले.

"...आपल्या जाण्यानं शाळेत जी पोकळी निर्माण होईल, ती कशानंही भरून निघणार नाही."

मला वाटलं, कानात काहीतरी गेलं. डावीकडचा पालक माझ्या कानाशी म्हणाला, "सर रिटायर होऊन राहिले का भाऊ? तुमाले तं आतली खबर दिसते!"

"यापुढचं आयुष्य आपण नातवंडांना खेळवण्यात घालवावं, तीर्थयात्रा कराव्यात, गुडघ्यांची काळजी घ्यावी, आणि आपल्या पेन्शनची फाईल कुठल्याही टेबलावर न अडकता लवकर मार्गी लागो, हीच प्रार्थना!"

शेवटचं वाक्य माझं सगळ्यात लाडकं. ऑफिसात तिथं हमखास हुंदके येतात. इथंही आले! पहिल्या रांगेतल्या दोन आयांनी पदर डोळ्यांना लावला. मी मात्र घाईघाईनं फोन बंद केला. बारावीत शिकणारा एकुलता एक मुलगा असलेल्या माणसाला मी भर हॉलमध्ये आजोबा करून टाकलं होतं.

सर उठून काही बोलणार, तोवर अध्यक्षच उठले. त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून सरांच्या खांद्यावर घातली. "सर, येवढी मोठी गोष्ट तुमी आमच्यापासून लपवली! याले म्हणतात साधेपणा!"

"अध्यक्षसाहेब, पण मी..."

"काही बोलू नका. मन भरून आलं असन."

टाळ्यांचा कडकडाट झाला. राऊत मॅडम रुमालानं डोळे पुसत होत्या. शिपाई दादाराव हळूच त्यांच्यामागे जाऊन वाकला. "मॅडम, हेडमास्तरच्या खोलीतला टेबल खिडकीकडं सरकवू का दाराकडं?" रुमालाच्या आडून उत्तर आलं, "खिडकीकडं."

इतक्यात हॉलच्या दारात सरांच्या मिसेस उभ्या! सरांचं घर आमच्याच कॉलनीत, शाळेच्या भिंतीला लागून. हाताला पीठ तसंच, फोन मुठीत. माझा व्हिडिओ कॉल पोचला होता.

"अहो! तुमी रिटायर झाले अन् मले ग्रुपवरून समजते?"

"मी नाही झालो!" सर शालीतून ओरडले.

"मंग हे नातवंडं कोणाचे?"

सरांनी शाल काढली, प्रज्ञाच्या हातातून माइक घेतला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मी कुठंच जाऊन नाही राहिलो! मले अजून तीन वर्षं बाकी हायेत!"

"अरेरे!" शेवटच्या बाकावरून दहावी 'ब'च्या पोरांचा सूर आला. राऊत मॅडमनी रुमाल पर्समध्ये ठेवला आणि दादारावला खुणेनं थांबवलं.

"प्रज्ञा," सर म्हणाले, "हे भाषण तू लिहिलं?"

"नाही सर. बाबांनी. मी सांगाले गेली होती, पण ते म्हणले एक शब्द बदलाचा नाही. म्हणून नाही बदलला."

अख्खा हॉल तिसऱ्या रांगेकडे वळला. ज्या पालकाला मी सगळ्यात आधी सांगितलं होतं, त्यानंच माझ्याकडे बोट केलं, "हेच ते!" मी खुर्चीखाली काहीतरी शोधायला लागलो. खुर्चीखाली माझ्या चपलांशिवाय काही नव्हतं. त्या शोधायला मी बराच वेळ लावला.

आता पोरीची काही खैर नाही, असं मला वाटलं. तिचा एकुलता एक दिवस मी मातीत घातला होता आणि त्याची शरम मला खुर्चीखालीही लपवता येत नव्हती. पण वरून सरांचा आवाज आला, "तुह्यं सोताचं काही हाय का मंग?"

प्रज्ञानं मुठीतला रुमाल उघडला. आत घडी घातलेली दोन पानं होती. म्हणजे घरूनच आणली होती! कार्टी सगळं ठरवून आली होती.

"आमच्या वर्गातला पंखा छत्रीनं टोचल्याशिवाय फिरत नाही," तिनं सुरुवात केली. "अक्षय तीन वर्षांपासून टोचून राहिला. त्याले इंजिनिअर नका करू, त्याले एकच मशीन चालवता येते." पोरं बाकं बडवायला लागली. "रोशन रोज उशिरा येते आणि एसटी लेट होती म्हणते. संपाच्या दिवशी एकपण एसटी नव्हती, त्या दिवशी तो सगळ्यात आधी आला." आता पालकही हसायला लागले. "वैष्णवीच्या आईच्या हातचे भजे लय मस्त असतात. पुऱ्या वर्गानं खाल्ले. फक्त वैष्णवीनं अजून खाल्ले नाहीत." मग ती इंगळे सरांकडे वळली. "आमचे सर रोज म्हणतात, 'हे शेवटचं सांगून राहिलो.' तीन वर्षं झाले. म्हणून आज बाबांचं भाषण आयकून आमाले वाटलं, आता खरंच शेवटचं दिसते!"

सरांनी हसू दाबायचा प्रयत्न केला. मिसेस दारातून मोठ्यानं हसल्या, तेव्हा सरांनीही सोडून दिलं.

"आणि माझे बाबा," प्रज्ञा म्हणाली (मी पुन्हा चपला शोधल्या), "यायले कोणाचाही निरोप चालते. घरी गॅस संपला तरी जुन्या सिलेंडरसमोर दोन शब्द बोलतात."

हे खोटं आहे. एकदाच बोललो होतो.

हॉल हसून हसून कोसळला. ते थांबल्यावर ती शेवटची ओळ म्हणाली, जरा हळू आवाजात: "उद्यापासून पंख्याले छत्री कोण टोचन, एवढं फक्त सांगून जा कोणीतरी." शेवटच्या बाकावर अक्षयनं मान खाली घातली. रोशन खिडकीबाहेर पाहायला लागला. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि सगळ्या पिना निघाल्या. अख्ख्या हयातीत मी माझ्या भाषणानं जेवढी माणसं रडवली नाहीत, तेवढी तिनं हसवता हसवता एका ओळीत रडवली. त्यात तिसऱ्या रांगेतला एक वरिष्ठ लिपिकही होता.

आता प्रज्ञा अमरावतीला कॉलेजात आहे. गेल्या आठवड्यात इंगळे सरांचा फोन आला. या महिनाअखेर ते निवृत्त होतायत, खरोखर, आदेशासह. मी तेव्हाच फोनमधली फाईल उघडून बसलो. नाव आधीच बरोबर होतं, बदलायची गरजच नव्हती!

"भाऊ, समारंभाले नक्की या," सर म्हणाले. "प्रज्ञा अमरावतीवरून येऊन राहिली, भाषण तिचं हाय."

"आणि माझं, सर?"

"तुमचं तं तीन वर्षांआधीच झालं ना! तुमी फक्त जेवाले या."

मी फोन ठेवला आणि फाईल बंद केली. एक शब्दही न बदलता.